डब्यातला जांभळा रंग

सूनबाई,

ओट्यावरचे सहलीचे चारही डबे आधी फेकून दे. चाखूनसुद्धा पाहू नकोस.

मुलांच्या खाण्यात सगळे रंग हवेत, असं पुस्तकात वाचलं होतं. कलिंगड, गाजर, काकडी, पिवळी ढोबळी मिरची, सगळं चिरून झालं, पण जांभळं काही सापडेना. म्हणून फाटकाजवळच्या झुडपाची जांभळी फळं तोडून डब्यांत घातली. तुझ्या लेकीने, आपल्या खारूताईने, लगेच हात पुढे केला. पण तू जिला हसतेस ना, ती माझी सवय: तिच्याआधी मी चाखायचं. मी पाच-सहा खाल्ली. मग झाडांचं पुस्तक उघडलं. फळं विषारी आहेत.

शेजारच्या नर्सबाई गाडी काढताहेत, त्यांच्याच दवाखान्यात जातोय. खारूताई म्हणते, "मी एकही नाही खाल्लं." तिची जीभ पाहिली, कलिंगडाने लाल आहे. तरी माझ्या नजरेचा मला भरवसा नाही, म्हणून तिलाही नेतो. सहल बुडाली तर तिला रागावू नकोस, चूक माझी आहे.

"आजोबा, आता तुमची दाखवा," म्हणाली. दाखवली. गर्द जांभळी निघाली. ती अजून हसते आहे.

बाबा