दलदलीकाठचे स्प्रूस

प्रिय एल्मा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे न फोडताच चुलीत टाकायच्या बेतात असशील, तर जरा थांब. सत्तावीस वर्षांचा अबोला काही तू एकटीने धरलेला नाहीस. मीही तेवढीच हट्टी. बाबांच्याच मुली आपण.

बाबा आठवतात ना, दलदलीतली हिल्लाची फळं वेचायला निघताना? मुद्दाम उलटीकडून वळसा घालायचे. कोणी भेटलंच, तर हातात बादल्या असूनही "मासे धरायला चाललोय" म्हणून ठोकून द्यायचे. "हिल्लाची जागा नवऱ्यालासुद्धा दाखवायची नाही. सांगायची ती मरताना, आणि तीही हळू आवाजात!" दलदलीत डास आपल्याला फोडून खायचे. तू रडत रडत ती पिवळी फळं वेचायचीस, बादलीत कमी नि पोटात जास्त. त्या उन्हाळ्यांसाठी अजून माझा जीव तुटतो गं.

बाबा गेले त्या वर्षी जुलैत मी वेचायला गेले, तर दलदलीत औषधालासुद्धा फळ नाही. ऑगस्टमध्ये बाबांच्या थडग्यावर दगड बसवला, तेव्हा कॉफीला जमलेल्या सगळ्यांसमोर मी तुला म्हणाले, "तूच नवऱ्याला, त्या काउकोला, जागा दाखवलीस. तुझ्या सासरचे ओरबाडून गेले सगळं." तू कप खाली ठेवलास आणि काउकोचा हात धरून निघून गेलीस.

आता ऐक. या जूनमध्ये विद्यापीठातली एक मुलगी, रीका, माझ्याकडे सौनाच्या न्हाणीघराशेजारच्या खोलीत राहायला आली. दिवसभर जंगलातली पानं मोजते. मी म्हटलं, "बाई गं, पानांत मोजायचं काय?" तर म्हणाली, "आजी, तेच रोप सावलीत रुंद, पातळ पान काढतं आणि उघड्यावर बारकं, जाड. पान बघितलं की जागेचं हवामान कळतं." मला ती इतकी आवडली की तिला मी आपल्या दलदलीवर नेलं. हो, परक्या पोरीला! बाबा थडग्यात कूस बदलून झोपले असतील.

काठावरच्या स्प्रूसच्या झाडांखाली हिल्लाची पानं तळहाताएवढी, मधे उघड्यावर नाण्याएवढी. रीकाने ती मोजली, मग झाडांकडे बघून विचारलं, "हे स्प्रूस कोवळे आहेत. आधीचे तोडले होते का? आडोसा गेला की जूनमधल्या एका गारठ्यात सगळा फुलोरा करपतो. मग फळं कुठली?"

एल्मा, ते स्प्रूस मी तोडले होते. बाबा गेले त्याच हिवाळ्यात, गोठ्याच्या छपरासाठी, तुला न विचारता. फळं तू नाही, मी घालवली, आणि आळ तुझ्यावर घेतला. माझं चुकलं. एवढं एक वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. यंदा फुलोरा तगलाय. जुलैअखेर ये. आणि काउकोला घेऊन ये. जागा मी स्वतः त्याला दाखवीन.

तुझीच,
आउने