धोंड्याचं वाण

घटस्थापना, १९७७

मायाक्का, माजी लेक,

सुखी ऱ्हा. आज मेंढरं विकायला सोलापूरला गेलतो. धोंड्याच्या महिन्यात जावयांना वाण दिलेली फटफटी जिथनं घेतली, तिथल्या चहावाल्यानं मला ओळखलं. म्हणाला, "पाव्हणं, तुमी हार घालून नेली ती गाडी अजून चालती व्हय?"

मला वाटलं, थट्टा करतोय. पण त्यो हसला न्हाय. ती गाडी ट्रकखाली सापडून मधनं तुटली होती म्हणं. इकणाऱ्यानं ती भंगारातनं उचलून, जोड देऊन, वरनं लाल रंग मारला. मोठ्या खड्ड्यात आदळली तर जोड सुटंल, म्हणाला. चहा तसाच ठेवून उठलो.

जावयांना सांगावं, तर तुजी सासू जन्मभर म्हणंल, बापानं धोंड्याला भंगार दिलं. न सांगावं, तर तू पोटुशी, त्यांच्या मागं बसून मंगळवेढ्याच्या बाजाराला जातीस. मी स्वतः आलो तर समदं माज्या तोंडावरच दिसंल.

तुला वाचता येत न्हाय. माजं पत्र जावईच वाचून दाखवत्यात. म्हणून हे पत्र माज्यापाशीच ऱ्हाणार. तुज्यासाठी वेगळं कार्ड लिवलंय, 'बाळंतपणाला आत्ताच ये, एसटीनं ये.'

पण जावई ते वाचतील आणि म्हणतील, "एसटी कशाला? मामांनी दिलेली फटफटी हाय की. मीच सोडतो."

कार्ड खिशात हाय. पेटीत टाकायला हात धजंना.

तुजा बाप,
ज्ञानू