लिस्टरसाहेबांचं घराणं

४ जानेवारी १९२८
नव्या वर्षाचा संकल्प: कोणाचा मत्सर करायचा नाही. तीन दिवस पाळला. आज चनबसप्पा रजेवरून ऑफिसात आला आणि मोडला.

गिरणीचे हेडक्लार्क आप्पा महिनाअखेर निवृत्त होऊन वेळापूरला शेती बघणार. ती जागा माझीच. माझी नोकरी अठरा वर्षांची, चनबसप्पाची चार. त्याच्या इंग्रजीचा आनंदच आहे. तरी लिस्टरसाहेब मॅनेजर झाल्यापासून येता-जाता त्याच्याच टेबलाशी थांबतात. 'चनबसप्पा' हे अख्खं नाव बिनचूक उच्चारतात. मला अजून 'मिस्टर गूळ' म्हणतात. गुळवणी म्हणायला असं काय अवघड आहे?

७ जानेवारी
योजना ठरली. २१ तारखेला साहेबांचा सत्कार. मानपत्र मी लिहिणार. नुसती स्तुती कोणीही करील, मी घराणं काढणार. मानपत्रात कूळ आलं की माणूस गहिवरतोच. साहेब गहिवरले की हेडक्लार्की माझी.

त्यांच्याकडे विलायतेत पूर्वी आडनावाचं स्पेलिंग वाटेल तसं करीत. लिस्टर, लायस्टर, लिटस्टर, लिडस्टर. चार मिळाली. मुळाशी जायला हवं.

१० जानेवारी, सकाळी ६
सापडलं! इंग्रजीत सरदारांनी घोड्यावर बसून भाले खेळायच्या मैदानाला 'लिस्ट' म्हणतात. म्हणजे लिस्टर हा मैदान मारणारा सरदार. वाटलंच होतं, साहेबांची चालच तशी आहे.

'आपल्या पूर्वजांच्या भाल्यांनी दाही दिशा उजळल्या' हे वाक्य सौ.ला वाचून दाखवलं. तिने विचारलं, हे कोणी सांगितलं? मी म्हटलं, तर्क. ती बरं म्हणाली आणि मेथी निवडायला बसली.

१३ जानेवारी
घात झाला. नव्या पेठेत आमचे जुने इंग्रजीचे मास्तर भेटले. त्यांच्याकडे आडनावांचा जाड ग्रंथ आहे. चारही स्पेलिंगं त्यात आहेत आणि अर्थ एकच, कापड रंगवणारा. रंगारी! आणि मी त्याला वाकून सलाम ठोकतो!

मानपत्र बदलायचं नाही. रेशमी कापडावर छापायला गेलंय. शिवाय भर सभेत कोणी कोणाची जात काढतं काय?

जेवताना एक विचार आला. चांगला नाही, पण सुरेख आहे.

१४ जानेवारी, संक्रांत
चनबसप्पाला तिळगूळ दिला. गोड बोललो. म्हटलं, तूही सभेत चार शब्द बोल. साहेबांचं घराणं मूळचं रंगाऱ्याचं आहे, ते आवर्जून सांग. तो म्हणाला, व्हय? लई बरं झालं की सांगितलंसा, मला तर काय बोलावं तेच सुचंना. माझे दोन्ही हात धरले.

भोळा आहे. जरा वाईट वाटलं. संध्याकाळी गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसलो, तेव्हा गेलं.

१७ जानेवारी
साहेब भडकले की विचारणारच, हे कोणी सांगितलं? तयारी हवी. 'माझा याच्याशी काडीचा संबंध नाही' हे इंग्रजीत पाठ केलं. आरशासमोर, हातवाऱ्यांसकट.

२१ जानेवारी
नीट लिहितो.

मी मानपत्र वाचलं. भाले आले, घोडे आले. साहेब घड्याळ बघत होते. मग चनबसप्पा उठला. म्हणाला, साहेब, आमच्या सोलापुरात घरोघरी कापड विणत्यात, रंगवत्यात. तुमचं आजे-पणजेबी रंगारीच हुते म्हणं. मंजी तुमी आमच्यातलंच की! आप्पांनी ते इंग्रजीत सांगितलं. साहेब लालबुंद होऊन उठले. विचारलं, हे शोधून कोणी काढलं? चनबसप्पाने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं.

मी तयारच होतो. ताडकन उठून पाठ केलेलं म्हणून दाखवलं. दोनदा. वर जोडलं की हा शोध सर्वस्वी चनबसप्पाचा.

साहेब रडत होते हे मला नंतर दिसलं. म्हणाले, माझे आजोबा खरेच रंगारी होते. मरेपर्यंत त्यांची नखं निळी होती. या देशात आल्यापासून हे कोणाला सांगताच आलं नाही. मग चनबसप्पाला मिठी मारली. माझ्याशी अठरा वर्षांत कोणी हस्तांदोलनसुद्धा केलेलं नाही.

२३ जानेवारी
चनबसप्पा हेडक्लार्क. पेढे घेऊन घरी आला. माझ्या पाया पडला. म्हणतो, शोध तुमचा आन् नाव माझं केलंसा, तेबी भर सभेत! एवढं मोठं मन कुणाचं असतंय?

सौ. माझ्याकडे कौतुकाने बघत राहिली. लग्नानंतर प्रथमच. पेढे चांगले होते, हाही एक त्रासच.

१ फेब्रुवारी
मानपत्र परत आलं. सोबत साहेबांची चिठ्ठी: हे दुसऱ्या कोणा सद्गृहस्थांचं दिसतं, चुकून माझ्याकडे आलं. ज्यांचं असेल त्यांना पोचवावं.

खाली नव्या हेडक्लार्कांचा शेरा: 'रा. गुळवणी यांनी शोध घ्यावा. या कामात त्यांच्या तोडीचा दुसरा कोणी नाही.' आणि सही.

अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.