न करपलेली काळी

माय, या महिन्यात नागपूरला लेकाकडे राहायला आले आणि आयुष्यात पहिल्यांदा बाटलीतली काळी बीअर प्यायले. बीअर म्हणजे काय ते तुला सांगायला हवं, कारण तू असताना आपल्याकडे हा शब्द कुणी ऐकला नव्हता. धान्याला मोड आणायचे, ते वाळवायचं, भाजायचं, उकळायचं आणि आंबवायचं. म्हणजे तुझीच विद्या, फक्त बर्फात गार केलेली. लेकाला वाटलं, आईनं असलं काही जन्मात चाखलं नसणार. त्यानं मोठ्या कौतुकानं पेला भरला, मी एक घोट घेतला आणि म्हटलं, बाबू, ही करपली आहे. तो समजुतीच्या सुरात म्हणाला की काळी बीअर कडूच असते, तिचा रंगच मुळी धान्य जाळून येतो. माझा स्वभाव तू जाणतेस. मी त्याला सुनावलं की काळी आणि करपलेली यातला फरक ज्याला कळत नाही त्याच्या हातचं मी पिणार नाही, आणि तुझी आजी आज असती तर तिनं हा पेला अंगणात ओतला असता. तेव्हापासून बिचारा दुकानं पालथी घालतो आहे. कडू नसलेली, घशाला न खरवडणारी, चढायची घाई नसलेली काळी शोधतो. चार-दोन दिवसांनी एक बाटली येते आणि मी तिला नापास करते. एकच जरा गुळचट होती, तिला काठावर पास केलं. मग त्यानं विचारलं की तुझ्या मते पहिला नंबर कुणाचा. ते सांगता सांगता त्याचं जेवण राहिलं आणि माझंही.

चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत, आणि कुरखेड्याजवळचं आपलं गाव म्हणजे त्या चांदा जिल्ह्याचाही पार कोपरा. बाबा तलावात जाळं टाकत आणि तू बाजारासाठी चणे-मुरमुरे भाजत होतीस. अंगणातल्या चुलीवर मातीचं मोठं खापर, त्यात तापलेली रेती, त्या रेतीत मूठभर दाणे आणि तुझ्या हातात काड्यांची छोटी केरसुणी. माझ्या लग्नाची पहिली बोलणी याच अंगणात झाली आणि याच अंगणात मोडली. आपल्यात सोयरीक पक्की व्हायची ती द्रोणावर. मुलीकडच्यांनी दारूनं द्रोण भरून द्यायचा, मुलाकडच्या सगळ्यांत वडील माणसानं तो पिऊन जमिनीवर पालथा ठेवायचा, की झालं. भरलेला द्रोण तसाच खाली ठेवला तर नकार. बाबांनी पाहुण्यांच्या मानासाठी मोहाची पहिल्या धारेची काढून ठेवली होती, तोंडाला लावली की कान तापणारी. द्रोण पालथा व्हायच्या आधीच पाहुण्यांचा मामा आणि माझा काका, तुमचा तलाव मोठा की आमचा, यावरून हमरीतुमरीवर आले. तलाव तिथेच राहिले, मांडवाच्या बल्ल्या तेवढ्या उपटल्या गेल्या. पाहुणे बैल जुंपून निघून गेले आणि गावानं ठरवलं की या घरची दारू गरम आणि माणसंही गरम. वर्षभर कुणी मला पाहायला आलं नाही. तू बाजारातून आलीस की कुणाच्या पोरीचं जमलं ते सांगायचं टाळायचीस. मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटायचं.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, पुढच्या वेळी पाणी पाजा. पण पाहुण्यांपुढे द्रोण ठेवला नाही तर अपमान, आणि तांदळाची पांढरी पातळ आंबवणी ठेवली तर पेज वाढली म्हणून हसं. दिसायला भारदस्त आणि पोटात गेल्यावर गरीब, असं काहीतरी तुला हवं होतं. त्या पावसाळ्यात पेरणी रखडली आणि मोड आणलेलं थोडं धान पोत्यात राहून गेलं. फेकवेना म्हणून तू ते वाळवलंस, एक दाणा चावलास आणि हसलीस, कारण तो गोड लागत होता. तिथून तुझा खटाटोप सुरू झाला. ते धान रेतीत भाजायचं, कांडायचं, उकळायचं, मोहफुलांचा आटवलेला रस रंगासाठी घालायचा, गार झालं की जुन्या मडक्याच्या तळचा गाळ टाकून आंबत ठेवायचं. पहिलं मडकं आंबट झालं. दुसरं बाबांनी चाखलं आणि कढई धुतलेलं पाणी म्हणून कोपऱ्यात सारलं. तिसऱ्या वेळी भाजायला तू मला बसवलंस. मला वाटलं, काळंच हवं ना, मग लाव जाळ. चुलीत दोन लाकडं जास्त सारली आणि अंगणभर धूर झाला. तू केरसुणीची मूठ माझ्या मनगटावर हाणलीस. अजूनही त्या जागी हात गेला की मला ते आठवतं.

"कोनाची घाई झाली तुले?" तू म्हणालीस. "काळं व्हायले जाळा लागत नाई पोरी. थांबा लागते."

थांबणं मला कधीच जमलं नाही. मग तूच बसलीस. मंद जाळ, रेती सारखी हलती, दाणा काढून दाताखाली धरायचा आणि पुन्हा टाकायचा. भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा वास येतो, त्याच्या पुढे जायचं नाही. त्या मडक्यातली निघाली तेव्हा बाबा दोन द्रोण प्यायले आणि भांडायच्या ऐवजी मासे साफ करायला बसले. तुला तेवढं प्रमाणपत्र पुरलं.

धान निघाल्यावर धानोऱ्याकडचे पाहुणे आले. त्यांच्यात सगळ्यांत वडील माणूस म्हणजे मुलाची आजी, दात पडलेली, कोपरापर्यंत गोंदलेली, आणि तिच्यापुढे घरातला एकही पुरुष आवाज चढवत नव्हता. मी दाराआड उभी आहे. मुलगा मान खाली घालून बसला आहे, त्याचे मोठे मोठे हात गुडघ्यांवर ठेवलेले. आजीपुढे द्रोण येतो. ती आत पाहते. तिच्या मागून कुणीतरी हळूच म्हणतं की ही तर करपलेली दिसते. करपलेली दारू पाहुण्यांपुढे ठेवणं म्हणजे या घरच्या पोरीला चूल सांभाळता येत नाही, असं साऱ्यांच्या मनात येतं. आजी द्रोण भरलेलाच खाली ठेवते. बाबांचा चेहरा मला दाराच्या फटीतून दिसतो. काका उठायच्या बेतात आहे. आणि तू, जिनं रीतीप्रमाणे बायकांतून बाहेर यायचं नाही, पदर खोचून मांडवात येतेस आणि आजीसमोर बसतेस.

"बाई, एक घोट घेऊन पाहा. करपली निघाली त मीच माही पोर देत नाई. तिनंच भाजली हाये."

भाजली तर तूच होतीस. माझ्या हातचं करपलेलं धान तू उकिरड्यावर ओतलं होतंस, आणि इथे माझं लग्न त्याच हातावर लावून मोकळी झालीस. घाबरले होते, पण खरं सांगते, त्याहून जास्त मला तुझा गर्व वाटत होता. अख्ख्या मांडवात तू एकटी बाई बोलत होतीस आणि तुझा आवाज जराही चढला नव्हता. आजीनं घोट घेतला. तोंडात घोळवला. मग दुसरा घेतला, मग सावकाश, कुणाकडेही न पाहता, द्रोण रिकामा केला आणि पालथा ठेवला. म्हणाली, "मऊ हाये. पोरगी अशीच असन त आमचं भलं झालं." काका खो खो हसला, कारण पोरगी कशी आहे हे त्याला माहीत होतं. त्या दिवशी मडकं संपेपर्यंत प्यायले सगळे, आणि कुणी कुणाचा तलाव काढला नाही. दोन म्हातारे तर एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपले.

पाठवणीला तू मला जुन्या लुगड्याच्या फडक्यात एक जड गाठोडं दिलंस. गाडी सुटायच्या आधीच मी ते सोडून पाहिलं तर आत तुझ्या खापरातली रेती. किती वर्षं तापून तापून काळी, मऊ झालेली. बायका हसल्या की नदीकाठच्या गावाला कुणी रेती देतं का. तू त्यांना म्हणालीस की नदीच्या रेतीला अजून शिकायचं आहे, हिला सगळं येतं. मी त्यावेळी रुसले होते, मला चांदीचे वाळे हवे होते. आता ते वाळे मिळाले असते तर कधीच मोडून खाल्ले असते. रेती अजून आहे.

तुझा शब्द धानोऱ्यापर्यंत माझ्या आधी पोचला होता. त्या घरात पाऊल टाकलं आणि आजीनं पहिल्याच सणाला काळी मागितली. मग पुढे कुणाचीही सोयरीक असो, निरोप आमच्याकडे यायचा. आजही आमच्या गोतात काळी म्हटलं की माझंच नाव घेतात, आणि मी मान ताठ करून ते घेऊ देते. तू माझ्या घरी पहिल्यांदा आलीस तो दिवस मला आठवतो. मी तुझ्यापुढे द्रोण ठेवला. तू वास घेतलास, घोट घेतलास, डोळे मिटलेस. तुझ्या मडक्यातल्या काळीपेक्षाही ती मऊ होती, आणि ते तुला कळलं हे मला तुझ्या गालावरून दिसलं. तू माझ्या सासूकडे वळलीस आणि म्हणालीस, "पाहा, माह्या पोरीचा हात." नंतर बाजारात, लग्नात, मयताला गेलीस तिथेही, मरेपर्यंत हेच सांगत राहिलीस.

हे पत्र पाठवायची सोय असती तरी मी पाठवलं नसतं, कारण तुझा तो आनंद मला मोडायचा नाही. माय, मी लग्नानंतरही भाजायला बसले त्या प्रत्येक वेळी जाळ मोठाच केला आणि प्रत्येक वेळी करपवली. पहिल्या सणाला आजी मागे लागली तेव्हा मी मागच्या अंगणात धुरात रडत बसले होते. तुझे जावई तलावावरून आले, चुलीतली अर्धी लाकडं बाहेर ओढली, माझ्या हातातून केरसुणी घेतली आणि स्वतः रेती हलवत बसले. तू पहिल्यांदा घरी येऊन प्यायलीस तेव्हा ते दारातच जाळं शिवत होते. तू माझा हात म्हणालीस, आणि ते मान खाली घालून हसले. तो हात त्यांचा होता, माय. अजून त्यांचाच आहे.