वय आठ वर्षे पूर्ण

ती. कुसुमअक्का,

झरीहून तुझ्या धाकट्या भावाचा, तात्यारावाचा, जयभीम. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे नागेशकडून कळलं. हे पत्र सुनेकडून वाचून घे, डोळ्याला ताण देऊ नको. इकडं सगळे बरे आहेत, म्हणजे मी सोडून.

यंदा जयंती समितीनं लहान मुलांचं लेझीम पथक माझ्याकडं दिलं. (कारण एवढंच, की मी रिटायर आहे आणि मला शिट्टी वाजवता येते.) मी तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, पहिल्याच दिवशी विहाराच्या फळ्यावर नियम लिहिला, वय आठ वर्षे पूर्ण. त्याखालच्या लेकराला ना लेझीम पेलते, ना ऊन. अकरा मुलं आली, चार दिवसांत लेझीमचे चार हात शिकली. पाचव्या दिवशी नागेश धम्मशीलेला घेऊन आला. नात माझी, वय सव्वाचार. "बाबा, नुसती कडेला उभी राहील," म्हणाला. मी फळ्याकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि अक्का, मी विरघळलो.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या कडूबाई तीन वर्षांच्या साक्षीला घेऊन हजर. "तुमची चालती, मंग माझ्या साक्षीनं काय घोडं मारलंय?" मी वहीत साक्षीचं नाव लिहिलं. आठवडाभरात एकोणीस चिल्लीपिल्ली जमली (एकाच्या गळ्यात दुधाची बाटली होती), आणि मोठी अकरा "आबा, ही तर अंगणवाडी झाली, आमी जातो," म्हणून निघून गेली. मी राजीनामा घेऊन अध्यक्ष भुजंगरावांकडं गेलो. ते म्हणाले, "बॅनर छापलंय."

मिरवणूक दुपारी चारची. एप्रिलचं ऊन तुला सांगायला नको. पहिली दहा पावलं झकास पडली. चौकात तिघांना एकदम सू लागली. त्यांना भिंतीआड नेऊन आणेपर्यंत बाकीची रस्त्यातच फतकल मारून बसलेली. साक्षी बर्फगोळ्याच्या गाड्यापाशी जी रुतली ती हलेना. तिच्यामागं पथक, पथकामागं ट्रॅक्टर, ट्रॅक्टरमागं डीजे, आणि त्यामागं तुमच्या जिंतूरची एसटी. कंडक्टर कारण बघायला उतरून पुढं आला. कारण माझ्या गुडघ्याएवढं होतं आणि लाल गोळा चोखत होतं.

शिट्टी फुंकून दम गेला, मग मी ओरडलो. खरंच ओरडलो अक्का, नागेशवर कधी ओरडलो नाही तसा. धम्मशीलेनं लेझीम खाली ठेवली, खालचा ओठ बाहेर काढला आणि म्हणाली, "आबा, पाय भाजायलाय." तिच्या पायात एकच चप्पल होती. दुसरी कधी पडली, मला कळलंही नव्हतं.

मी तिला उचललं. लगेच अठरा जणांचे हात वर. "मला बी!" मला कंबर एक, तीही दुखरी. कडेला उभ्या असलेल्या बाया पुढं आल्या आणि एकेकीनं एकेक लेकरू घेतलं. असं पथक कडेवर बसून विहारापर्यंत गेलं, ज्याला वाटेल तशी लेझीम वाजवत. लोकांनी टाळ्या पिटल्या. भुजंगरावांनी माइकवर जाहीर केलं, पुढच्या वर्षी तीन वर्षांपासून प्रवेश! मला मात्र मान वर करवेना. नियम मीच केला, मीच मोडला, आणि चटका तिला बसला. तेव्हापासून रोज तिच्या तळव्याला खोबरेल लावतोय. शिट्टी समितीला परत केली. यापुढं आठ वर्षांखालचं एकही लेकरू माझ्या पथकात दिसलं, तर मला भाऊ म्हणू नको.

तुझा,
तात्याराव

ता. क. भुजंगराव शिट्टी परत देऊन गेले.

ता. क. आणखी एक. धम्मशीलेचा फोड बसला. "आबा, सराव कधी?" म्हणून सकाळपासून मागं लागलीय, नाही म्हणालो तर जेवली नाही. बाकीची अठरा दारात उभी आहेत. तुमच्याकडची मिरवणूक पुढच्या रविवारी आहे म्हणे, तीही सकाळची. तुझ्या ओळखीनं आमचं पथक तिथं घ्यायला लाव. कुणी वय विचारलं तर माझं सांग, अडुसष्ट पूर्ण.