आठ पाकळ्यांचं घर

लातूर
९ मार्च १९८६

तीर्थरूप अप्पांचे चरणी,
शिवकन्येचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही इकडे खुशाल. अव्वाचा गुडघा कसा आहे ते कळवावं. इथं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. शाळेतल्या मुली पाण्याच्या रांगेतून उठून तशाच वर्गात येतात. मी उशीर झाला म्हणून बोलत नाही.

लातूर जिल्हा झाल्यापासून साहेबलोक वाढले आणि भाडीही वाढली. आमच्या मालकानं जूनपर्यंत जागा मोकळी करा म्हणून सांगितलंय. तेव्हा आता घर विकतच घ्यावं, असं मी आणि यांनी ठरवलं. एक पाहिलंही आहे. अप्पा, हसू नका, पण त्या घराला कोपराच नाही! मधे गोल चौक आणि भोवती फुलाच्या पाकळ्यांसारख्या आठ खोल्या. सगळी छपरं आतल्या बाजूला उतरती, त्यामुळे पावसाचं पाणी चौकाखालच्या हौदात जातं.

मालकीणबाई शरणम्मा, सत्तरीच्या आहेत. त्यांचे यजमान सिद्रामप्पा गवंडीकाम करायचे. बांधायच्या आधी शरणम्मांनी अंगणात रांगोळीनं घर काढून दाखवलं आणि त्यांनी ते तसंच उभं केलं. बायकोच्या रांगोळीत राहतो म्हणून लोकांनी त्यांना जन्मभर चिडवलं. आता ते नाहीत, आणि शरणम्मांना सोलापूरला लेकीकडे जायचंय. चाळीस हजार मागतात. तेवढी तर इथं नुसत्या जागेची किंमत आहे.

माझा जीव बसलाय त्या घरावर. भावातलं तुम्हाला कळतं. किती म्हणू?

तुमची माया पाठीशी असू द्यावी.

तुमची
शिवकन्या

*

नांदेड
१५ मार्च १९८६

चि. शिवकन्या हिस अ. उ. आ.

पत्र पावलं. अव्वाला वाचून दाखवलं, ती हसून हसून खोकाया लागली. अगं बाई, कोपरा न्हाई तर कपाट कुठं ठेवणार? पलंग भिंतीला लावला तर मागून मांजर फिरंल. माणसानं घर बांधावं का फूल?

आता कामाचं ऐक. उभा जन्म धान्याचा धंदा केला, पण पहिल्या भावाला माल कधी उचलला न्हाई. असल्या घराला गिऱ्हाईक लागत नसतं. तू पस्तीस म्हण. अडतिसाच्या वर जाऊ नको. घर आवडलं हे तोंडावर दिसू देऊ नको. अन् त्यांच्याकडं चहा तर मुळीच पिऊ नको. चहा पिला की जीभ मऊ पडते, मग भाव होत न्हाई. दहा हजार मी देतो, बाकीचं तुम्ही बघा.

जावईबापूंना नमस्कार-शरणार्थी सांग. जिवाला जपून राहा, अप्पाला विसरू नको.

तुझा
अप्पा

*

लातूर
२७ मार्च १९८६

तीर्थरूप अप्पांचे चरणी,
शि. सा. न. वि. वि.

मी चहा प्यायले. दोनदा.

आम्ही दोघं गेलो होतो भाव करायलाच. पस्तीस अगदी ओठावर होते. तेवढ्यात गल्लीतल्या बाया कळशा घेऊन आल्या आणि शरणम्मांनी हौदाचं झाकण काढलं. अप्पा, आत अजून कमरेइतकं पाणी आहे! गेल्या साली जो काही शिंतोडा पडला, त्यातलंच. संक्रांतीपासून त्या घरटी एक कळशी रोज देतात. त्यातल्याच एकीनं मला हळूच सांगितलं, की या घराला आम्ही लई हसलो.

बाया गेल्यावर मी शरणम्मांना विचारलं, की एवढं घर असून तुम्ही भाव नुसत्या जागेचा का सांगता. त्या म्हणाल्या, आजवर आले ते सगळे घर पाडून प्लॉट घ्यायलाच आले. घराचं कुणी विचारलंच नाही, तर मी तरी कुठल्या तोंडानं सांगू. सांगताना आवाज हलला नाही त्यांचा. पण माझ्याकडे पाहिलं नाही.

माझ्या तोंडून निघून गेलं, की चाळीस जागेचे आणि पाच घराचे, पंचेचाळीस देते. हे माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं आता रागावतात. पण बाहेर पडल्यावर म्हणाले, अजून एखादा हजार म्हणाली असतीस तरी चाललं असतं.

वरचे पाच आम्ही पतसंस्थेतून काढू. तुम्हाला न विचारता शब्द दिला. राग आला तर मनसोक्त रागवा, अप्पा, पण शब्द मी फिरवणार नाही.

रागातसुद्धा लोभ करता, तो तसाच करावा.

तुमची
शिवकन्या

*

नांदेड
८ एप्रिल १९८६

चि. शिवकन्या हिस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून माझं डोस्कंच फिरलं. मागितल्यापेक्षा जास्ती देणारी लेक माझ्या पोटी आली कशी? अव्वाला न सांगता काल पहाटची यष्टी धरली, अहमदपुरावरून लातूरला उतरलो, अन् तुझ्याकडं न येता सरळ त्या घरी गेलो. तुझा आकडा खाली आणायचा, येवढंच डोक्यात होतं. खोटं कशाला लिहू.

दार शरणम्मांनीच उघडलं. मी कोण ते बोललो न्हाई. घर बघाया आलोय म्हणलं. त्या म्हणाल्या, घर गेलं, एका मास्तरीणबाईला पंचेचाळीसला दिलं. परवा एक प्लॉटवाला पन्नास घेऊन आल्ता, त्याला पाणी पाजून वाटंला लावलं म्हणे. मी इचारलं, बाई, पाच हजारावर पाणी सोडता व्हय? तर म्हणाल्या, त्यानं जागा मागितली, तिनं घर मागितलं. येवढ्या वर्सांत ती पहिलीच. अन् वर म्हणाल्या, अशी लेक ज्यानं वाढवली, तो माणूस मला एकदा बघायचाय.

शिवकन्ये, मी चौकात नुसता उभा राहिलो. भाईर ऊन आग वकून राहिलं होतं अन् तिथं पायाखाली गार लागत होतं. मग सांगितलं, तो माणूस मीच हाय. त्यांनी बसाया पाट दिला अन् काय काम काढलं म्हणून इचारलं. खिशात होते तेवढे पैसे काढून म्होरं ठेवले अन् म्हणलं, इसार द्याया आलोय. खोटं बोललो. चहा बी पिलो.

तुला तोंड न दाखवता माघारी फिरलो. तुझ्याम्होरं डोळ्यात पाणी आलं असतं, अन् जावयाम्होरं ते बरं दिसत न्हाई. वरचे पाच मीच देणार. पतसंस्थेची पायरी चढू नको. माझ्या लेकीनं भाव केला तो माझ्यापेक्षा चांगला केला, हे बाजारात चार जणांना सांगून आलो, आता तुला सांगून राहिलो.

हाय तशीच राहा. अप्पाचा जीव तुझ्यापाशी हाय.

तुझा
अप्पा

*

लातूर
६ मे १९८६

तीर्थरूप अप्पांचे चरणी,
शि. सा. न. वि. वि.

काल रजिस्ट्री झाली. तुम्ही हवे होता. पण लगीनसराईत दुकान सुटत नाही, हे ठाऊक आहे मला.

दस्त लिहिणाऱ्यानं 'प्लॉट व त्यावरील जुने बांधकाम' असं लिहून ठेवलं होतं. शरणम्मांनी ऐकलं आणि तशाच सहीला पुढे झाल्या. मीच थांबवलं. म्हटलं, हे मी विकत घेत नाही. तो वैतागला, पण पुन्हा लिहायला बसला आणि मी सांगत गेले, की आठ खोल्यांचं पक्कं घर, मधे चौक, चौकाखाली हौद. आराखडा शरणम्मा सिद्रामप्पा यांचा. आराखड्याचं असं कुणी लिहीत नाही, म्हणाला. त्यावर हे म्हणाले, मग तुम्ही पहिल्यांदा लिहा.

लिहिलेलं त्यानं वाचून दाखवलं. शेवटची ओळ शरणम्मांनी पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाल्या, जरा मोठ्यानं वाचा. तो मोठ्यानं वाचू लागला तशी बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावून बघायला लागली. शरणम्मांनी डोईवरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांच्या देखत, एकेक अक्षर जोडत, सही केली.

अव्वाला घेऊन लवकर या. आजवर केलीत ती माया वाढती असू द्यावी.

तुमची
शिवकन्या