चौकटीला लागलेलं कोपर

सोलापूर,
१८ जानेवारी २०२५

तीर्थरूप आप्पा,
मल्हारचा तुम्हाला आणि आईला नमस्कार.

जळकोटात थंडी कशी आहे? कोकरं किती झाली? आई सांगत होती, मणका सरकलाय तरी तुम्ही पाय ओढत मेंढरांमागं जाताच. कुणाचं ऐकलंत तर शपथ.

अक्षदा, तू आप्पांना वाचून दाखवते आहेस, म्हणून तुला सांगतो. बहीणबाई, एकही ओळ गाळायची नाही. मोठी हुशार समजतेस ना स्वतःला!

आप्पा, तुम्ही म्हणे पारावर सगळ्यांना सांगितलंत, "माज्या पोराकडं मशीन हाय, आतलं हाड टीव्हीवर दिसतंय. त्याच्या हातनं चूक व्हायची न्हाय." हे कळल्यापासून मला जेवण गोड लागत नाही.

मशीन खरंच चांगलं आहे. आम्ही मणक्याला एक छोटी चौकट पक्की बसवतो. तिच्यावरचे चकाकते गोळे कॅमेरा बघतो आणि हाडात हत्याराचं टोक कुठं आहे ते पडद्यावर दाखवतो. पण चौकटीला धक्का लागला तर पडदा काही ओरडत नाही. चित्र तसंच सुरेख दिसतं, फक्त जागा खोटी असते. म्हणून मध्येमध्ये ओळखीच्या हाडावर टोक टेकवून पडद्याशी ताडून बघायचं असतं. एक मिनिट लागतं.

नोव्हेंबरात बेंबळीच्या गौराबाईंचं ऑपरेशन होतं. वाकताना माझं कोपर चौकटीला लागलं. पार्वतम्मा सिस्टरनी विचारलं, "सर, फ्रेमला लागलं का?" मी म्हटलं, "नाही." लागलेलं मला कळलं होतं. सगळ्यांसमोर थांबून पुन्हा ताडायची लाज वाटली. पुढचा स्क्रू पडद्यावर हाडाच्या बरोबर मधोमध दिसत होता. आत तो पायाकडं जाणाऱ्या नसेला लागला.

शुद्धीवर आल्या तेव्हा त्यांचं उजवं पाऊल उचलेना. त्याच संध्याकाळी पुन्हा उघडून स्क्रू काढला. आता बोटं हलतात, पाऊल अजून घासतं. घरच्यांना मी एवढंच म्हणालो होतो, "कधीकधी असं होतं."

बाजारात मेंढी घेताना विकणारा कितीही बडबडो, तुम्ही लोकरीत बोटं घालून तिचे मणके चाचपल्याशिवाय पैसे काढत नाही. कॉलेजातल्या मित्रांसमोर तुम्ही असं केलंत, तेव्हा मी लांब जाऊन उभा राहिलो होतो. आप्पा, मला त्याची फार लाज वाटते.

काल बेंबळीला जाऊन गौराबाईंना सगळं खरं सांगितलं. त्यांनी ते पाऊल लुगड्याखाली ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "तवाच सांगायचं हुतं, डाक्टर."

म्हणून तुम्हाला आधी सांगतो आहे. फोनवर तुम्ही "व्हय, व्हय" म्हणून मेंढरांचं काढलं असतं.

मंगळवारी, २८ तारखेला, तुमचं ऑपरेशन. माझ्याशिवाय कुणाला पाठीला हात लावू देणार नाही म्हणता. इथले डॉक्टर अमरसिंह माझ्याइतकेच तयार आहेत, आणि शंका आली की सगळ्यांसमोर थांबतात. त्या दिवसापासून मीही थांबतो. पण ते तुम्ही माझ्या शब्दावर मानू नका.

संमतीच्या कागदावर अंगठा उठवायच्या आधी मला सांगा, मी टेबलापाशी उभा राहू, की बाहेर बाकावर आईशेजारी बसू? तुम्ही म्हणाल तिथं थांबेन.

ज्याच्या हातनं चूक झाली,
तो तुमचा
मल्हार